शिगम्याचे २३४० फोटो आणि नऊ दिवस: शूटनंतरची निवड तुम्ही कशी उरकता?

रानमोगरा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी डिचोलीची. नोकरी सांभाळून फोटो काढते. जत्रा, शिगमो (आमचा गोव्यातला होळीच्या वेळचा उत्सव), कधी ओळखीतलं एखादं लग्न.

आमच्या वाड्यावरच्या रोमटामेळाचं, म्हणजे ढोल-ताशांवर नाचत जाणाऱ्यांचं, पथक यंदा फोंडा आणि पणजी अशा दोन्ही मिरवणुकांत होतं. मी दोन्हीकडे सोबत गेले. मिळून २३४० फ्रेम झाल्या, सगळ्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइली. पथकातल्या मुलांना सांगितलं होतं, दोन दिवसांत फोटो देते. प्रत्यक्षात नऊ दिवस लागले. तोवर लोकांनी मोबाइलवर काढलेले फोटो सगळ्यांच्या स्टेटसवर लागून शिळेही झाले होते. ढोल वाजवणाऱ्यांतला एक मुलगा रस्त्यात भेटला, म्हणाला, "ताई, आमचे फोटो बरे आले नाहीत का?" फोटो बरे आले होते. मीच त्यांच्यात अडकून पडले होते. त्याचा तो प्रश्न अजून मनातून जात नाही, म्हणून हा धागा.

सध्याची पद्धत सांगते. कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून सगळं लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेते. मग पहिल्या फोटोपासून सुरुवात. फोटो उघडायचा, शंभर टक्के मोठा करून डोळे शार्प आहेत का बघायचं, आवडला तर थोडा उजळायचा, रंग सुधारायचा, मग एक ते पाचपैकी तारे द्यायचे. पुढचा फोटो तसाच असला की मागे जाऊन तुलना. पहिल्या रात्री अकरा ते तीन बसले तेव्हा ३१० फोटो झाले होते, आणि तीन तारे म्हणजे नक्की काय हेच मला कळेनासं झालं होतं.

लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅमचा. पण दोष सगळा त्याचाच नाही हे मला कळतंय. पाठोपाठच्या सात-आठ सारख्या फ्रेममधून एक कशी निवडता? आणि नको असलेल्या फोटोंचं काय करता, तेव्हाच पुसून टाकता का?

मांडवीकाठ

ताई, मी पणजीत वर्तमानपत्रासाठी फोटो काढतो. शिगम्याच्या रात्री शेवटचा चित्ररथ पुढे सरकायच्या आत माझे आठ-दहा फोटो कार्यालयात पोचलेले लागतात. त्यामुळे निवड घरी जाऊन करायची गोष्ट आहे ही सवयच मला लागली नाही.

तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट बाजूला काढतो. तुम्ही निवड आणि एडिटिंग एकाच वेळी करताय. वेळ खातंय ते हे. निवडताना माणूस "हो की नाही" एवढंच ठरवत असतो. एडिट करताना तोच माणूस "हा अजून बरा कसा होईल" हे बघत असतो. एका फोटोवर दोन्ही करून पुढच्यावर गेलात की डोळा दर वेळी नव्याने लावावा लागतो. आणि चार मिनिटं मेहनत घेतलेला फोटो मग बाद करवत नाही, तो साधा असला तरी. सगळी निवड संपेपर्यंत उजेडाच्या स्लायडरला हातच लावायचा नाही.

हिशेब मांडून बघा. २३४० फोटो, प्रत्येकी तीन सेकंद, म्हणजे दोन तासांना तीनच मिनिटं कमी. प्रत्येकी एक सेकंद वाचवलात तर ३९ मिनिटं वाचली.

आता मी काय करतो ते. मिरवणुकीत दोन पथकांमध्ये अंतर पडतं तेव्हा कॅमेऱ्याच्या पडद्यावर मागचे फोटो चाळतो आणि जो हवा तो लॉक करतो, कॅमेऱ्यावर किल्लीचं चिन्ह असतं ते. नंतर फोटो मेकॅनिक या फोटो निवडायच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्ड घालताना फक्त लॉक केलेले फोटो उतरवायची सोय आहे. ९०० तले २५ आधी उतरतात, त्यातले दहा मथळ्यासकट जातात. बाकीचं कार्ड सावकाश उतरत राहतं. पथकाचं नाव, गाव, ठिकाण हे उतरवतानाच सगळ्या फाइलींत भरून टाकतो. दोन वर्षांनी "त्या पेडण्याच्या पथकाचा फोटो" कोणी मागितला तर नावावरून सापडतो.

कॅमेऱ्यावर फोटो पुसू मात्र नका. छोट्या पडद्यावर अंदाज चुकतो, आणि घाईत शेजारचा फोटो जातो. लॉक करणं निरुपद्रवी आहे.

काजूबोंड

मांडवीकाठ यांच्याशी सहमत. मी यंत्राच्या बाजूने लिहितो, कारण ताईंचा निम्मा वेळ निर्णयात गेलेलाच नाही, तो वाट बघण्यात गेलाय.

लाइटरूम रॉ फाइल उघडते तेव्हा सेन्सरच्या आकड्यांवरून चित्र नव्याने तयार करते. जुन्या लॅपटॉपवर त्याला फोटोमागे दोन सेकंद लागले तरी २३४० फोटोंची ७८ मिनिटं नुसतं फिरणारं चक्र बघण्यात जातात. पण प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्यानेच तयार करून ठेवलेली एक जेपेग, म्हणजे तयार चित्राची फाइल, असते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तुम्ही बघता ती हीच. फोटो मेकॅनिक विजेसारखं पळतं ते याचमुळे, ते फक्त ही जेपेग दाखवतं.

लाइटरूम क्लासिकमध्येही २०१७ पासून ही सोय आहे. फोटो घेताना उजवीकडे प्रिव्ह्यूचा पर्याय असतो तिथे "एम्बेडेड अँड साइडकार" निवडा. दुसरं, फोटो मेन्यूतलं "ऑटो ॲडव्हान्स" चालू करा. मग पी दाबला की फोटो निवडला जाऊन पुढचा येतो, एक्स दाबला की बाद होऊन पुढचा येतो. उजवा हात बाणाच्या कळीवर नेण्याचं कारणच उरत नाही.

पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल आणि डिजिकॅम दोन्ही फुकट आहेत. डार्कटेबलमध्ये एक्स दाबलं की निवडलेले फोटो शेजारीशेजारी मोठे दिसतात, आर दाबलं की बाद. डिजिकॅममध्ये लाइट टेबल आहे, दोन फोटो एकदम मोठे-लहान होतात, सारख्या फ्रेम ताडून बघायला उत्तम.

आणि केबल सोडा. तुमचे फोटो सुमारे ६५ जीबी असणार. यूएसबी २ च्या वेगाने, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास, अर्धा तास जातो. बऱ्यापैकी यूएसबी ३ कार्ड रीडर आणि सेकंदाला ९० एमबी वाचणारं कार्ड असेल तर बारा मिनिटं.

शिंपला

माझी एक शंका. रॉमधली जेपेग मोठी केली तर फोकस नीट कळतो का? माझ्या सोनीच्या फाइली मोठ्या केल्या की धूसरच दिसतात.

काजूबोंड

कॅमेऱ्यावर अवलंबून आहे. निकॉन आणि कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत आतली जेपेग पूर्ण आकाराची असते. सोनीच्या आधीच्या पिढीतल्या कॅमेऱ्यांत ती १६१६ बाय १०८० एवढीच असते, त्यामुळे डोळ्यांचा फोकस तिच्यावरून ठरवता येत नाही. अशांनी रॉ अधिक छोटी जेपेग असं दोन्ही काढावं, किंवा पहिली चाळणी या छोट्या चित्रावर करून उरलेल्यांचेच पूर्ण प्रिव्ह्यू तयार करायला लावावेत. २३४० चे करण्यापेक्षा ४०० चे करणं परवडतं.

पातोळी

मी फोंड्याकडची, लग्नांची कामं करते. आमच्याकडे देवळांच्या सभागृहांत लग्नं असतात, मोसमात सलग तीन-तीन दिवस. दोन कॅमेरे माझे आणि एक सोबतच्या मुलाचा. एका लग्नाचे चार हजार फोटो हे आता नेहमीचं झालंय.

रानमोगरा, तुझे तारे मला थांबवावेसे वाटले. एक ते पाच ठरवण्यात डोकं शिणतं गं. पहिल्या फेरीत फक्त दोन उत्तरं: राहिला किंवा गेला. शंका आली तर राहिला. सगळं एकदा पार करायचं, मागे वळायचं नाही, मोठा करून बघायचं नाही. चार हजारांतले पंधराशे-सोळाशे राहतात. मग चहा. खरंच उठून चहा, कारण दुसऱ्या फेरीला डोळा वेगळा लागतो. दुसऱ्या फेरीत उरलेल्यांतच निवड, आणि आता मोठं करून बघायचं. तिसरी फेरी अल्बमची.

एक मोठा धडा मी उशिरा शिकले, तो इथे लिहिते. सुरुवातीला मी पार्टीला नऊशे फोटो द्यायची आणि सांगायची, अल्बमसाठी शंभर तुम्ही निवडा. मला वाटायचं हा मोकळेपणा आहे. एका घरी निवड आठ महिने अडली. नवरा-नवरी परदेशी, आई म्हणते मामाकडचे सगळे हवेत, काका म्हणतात आमचा एकच का. शेवटी अल्बम छापला तेव्हा मुलीला सातवा महिना लागला होता. आता मी स्वतः १४० निवडून देते आणि सांगते, यातले काढा किंवा बाकीच्यांतले दहा बदलून घ्या. तीन आठवड्यांत काम संपतं. शंभरातून दहा काढणं माणसाला जमतं, नऊशेतून शंभर वेचणं जमत नाही. आणि ते आपलंच काम आहे, नजर आपली आहे म्हणून तर बोलावलंय.

दोन-तीन कॅमेरे असतील तर निघण्याआधी सगळ्यांची घड्याळं जुळवा. चार मिनिटांचा फरक असला तरी अंतरपाटाच्या आधी अक्षता पडलेल्या दिसतात, आणि निवड करताना एकच क्षण तीन ठिकाणी विखुरतो. मी मोबाइलवरचं सेकंदासकट घड्याळ प्रत्येक कॅमेऱ्याने एकदा टिपते. फरक राहिलाच तर तेवढा सगळ्या फाइलींना एकदम लावता येतो.

खंड्या

पक्ष्यांचे फोटो काढणारा मी. करमळीच्या तळ्यावर किंवा चोडणला सकाळ घालवली की दीड-दोन हजार फ्रेम सहज, कारण कॅमेरा सेकंदाला वीस काढतो. सारख्या फ्रेमचा प्रश्न माझ्याइतका कोणाला नसेल.

माझा अनुभव असा की एका बर्स्टकडे (एका दमात काढलेल्या फ्रेमकडे) वीस फोटो म्हणून बघूच नये. ती एक घटना आहे. लाइटरूममध्ये काढल्याच्या वेळेवरून आपोआप थप्पी लावता येते, मी दोन सेकंदांची मर्यादा देतो. दोन हजारांच्या दीडशे-दोनशे थप्प्या होतात. आधी थप्पी राहणार की जाणार ते ठरवायचं. पक्षी पाठमोरा, फांदी आडवी, उजेड डोक्यावरचा, अशी अख्खी थप्पी एका कळीत जाते. राहिलेल्या थप्पीतल्या सगळ्या फ्रेम निवडून एन दाबायचा, म्हणजे त्या एकत्र मांडून दिसतात. एकेक नको ती काढत जायची, शेवटी एक उरते.

ढोलाला हेच लागू करून बघा. दांडी वर गेलेली, चेहरा उघडा आणि मागचा माणूस झाकत नाही अशी फ्रेम आठांत एखादीच असते. ती छोट्या चित्रातही ओळखू येते. शार्प आहे का हे नंतर, आणि फक्त तिच्यापुरतं. म्हणजे क्षण आधी, फोकस मग. उलटं केलंत तर आठही फोटोंचा फोकस तपासावा लागेल आणि क्षण नसलेला एखादा कडक शार्प फोटो हातात राहील.

मांडवीकाठ

खंड्या यांचं शेवटचं वाक्य लिहून ठेवण्यासारखं. एक भर घालतो. ढोलाच्या फोटोत हात हललेले दिसले म्हणून बाद करू नका. एकसाठांश सेकंदाला चेहरा स्थिर आणि दांडी हललेली असा फोटो आला तर त्यात आवाज ऐकू येतो. घोडेमोडणीत तर हे फारच. कंबरेला बांधलेला लाकडी घोडा आणि हातातली तलवार अगदी गोठलेली असली की नाच उरत नाही.

पातोळी

कोणी एआयने निवड करणारं सॉफ्टवेअर वापरतं का? आफ्टरशूट, नॅरेटिव्ह वगैरे. मी दोन मोसम वापरलं. सारखे फोटो एकत्र लावायला आणि अगदी हललेले बाजूला काढायला फार चांगलं, खरोखर तासभर वाचतो. पण "डोळे मिटलेले" म्हणून जे ते बाजूला टाकतं त्यावर मी विश्वास ठेवत नाही. अंतरपाटापलीकडे नवरी खाली बघत असते. मुलगी निघताना आई डोळे मिटून तिला कवटाळते. आजी हसली की तिचे डोळे दिसतच नाहीत. हे तिन्ही फोटो त्या सॉफ्टवेअरने मला बाद करून दाखवले होते, आणि तिन्ही अल्बममध्ये मोठ्या पानावर आहेत.

रानमोगरा

वाचतेय, लिहूनही घेतेय. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. भजनात तल्लीन झालेला माणूस, अवसर आलेला (अंगात आलेला) शिगम्यातला गडा, यांचे डोळे उघडे कुठून असणार! पातोळीताई, हे वाचून बरं वाटलं, कारण मी तेच सॉफ्टवेअर घ्यायच्या विचारात होते.

एक गोष्ट विचारायची राहिली होती. गुलालाचे फोटो. पडद्यावर लाल रंग नुसता सपाट डाग होऊन दिसतो, त्यातला तपशील गेलेला. असे साठेक फोटो मी बाद केलेत. बरोबर केलं का?

काजूबोंड

घाई केलीत. पडद्यावर दिसते ती जेपेग, आणि जेपेगमध्ये लाल आधी फुटतो, विशेषतः कॅमेऱ्याचं सेटिंग "व्हिविड" असेल तर. कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्रामही (उजेड आणि रंगांचा आलेख) त्याच जेपेगचा असतो. रॉमध्ये लाल अजून शिल्लक असू शकतो. फास्टरॉव्ह्यूअर नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते रॉचा खरा हिस्टोग्राम तिन्ही रंगांसाठी वेगळा दाखवतं. पुसले नसतील तर त्यातून एकदा बघा. ते बाद फोटो पुसत नाही, त्याच फोल्डरात एका वेगळ्या फोल्डरात हलवून ठेवतं, हेही मला आवडतं.

रानमोगरा

पुसले नव्हते! आत्ता बघितले. साठातले चाळीस तरी जिवंत आहेत. त्यात आमच्या पथकातल्या सगळ्यात धाकट्या पोराचा गुलालाने माखलेला चेहरा आहे. तो गेला असता.

घुमट

उशिरा लिहितोय. पुसण्याचा विषय निघाला म्हणून लिहावंसं वाटलं.

मी साठी ओलांडली. फिल्मच्या काळात एका रोलमध्ये छत्तीस फ्रेम. जत्रेला तीन रोल नेले तर चैन वाटायची. आठ बाय दहाच्या कागदावर सगळ्या निगेटिव्हची कॉन्टॅक्ट शीट काढायची, भिंग लावून बघायचं आणि हवा त्या फ्रेमभोवती लाल मेणपेन्सिलीने चौकट. निवड तेव्हाही कडक होती, आत्तापेक्षा कडक, कारण मोठा प्रिंट काढायला पैसे पडायचे. पण न निवडलेली निगेटिव्ह कोणी फाडून टाकत नव्हतं. ती पाकिटात पडून राहायची.

डिजिटल कॅमेरा मी २००८ मध्ये घेतला. हार्ड डिस्क तेव्हा आमच्या खिशाला महाग. त्या वर्षी गावच्या जत्रेचे सातशे फोटो काढले, चांगले साठ ठेवले, बाकी पुसले. मला स्वतःचं कौतुक वाटलं, किती नेमकी निवड केली म्हणून. सहा वर्षांनी शेजारच्या घरातला मुलगा आला. त्याचे आजोबा आरतीला शामेळ, घुमटाच्या साथीचं तालवाद्य, वाजवायचे. ते वारले होते. म्हणाला, "काका, आजोबांचा वाजवतानाचा एखादा फोटो असेल का?" तो फोटो मला डोळ्यांसमोर दिसत होता. समईचा उजेड, कडेला बसलेले, चेहरा अर्धा खांबाआड, हात पूर्ण हललेले. हललेला होता म्हणूनच मी तो पुसला होता. तसे चार-पाच होते, सगळे पुसले. जे साठ ठेवले त्यात पालखी होती, दीपमाळ होती, गर्दी होती. आजोबा एकातही नव्हते.

तो खांबही आता नाही. जीर्णोद्धारात लाकडी खांब आणि मंगळुरी कौलं गेली. जुन्या सभामंडपाचं छप्पर ज्यांत दिसत होतं ते फोटो मी "वर जागा फार सोडलीय" म्हणून बाद केले होते. घुमट या मातीच्या वाद्याला २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली, आनंद झाला. पण माझ्या गावात ते आणि त्याच्या साथीची वाद्यं कोणाकोणाच्या हातात होती, ते दाखवणारे फोटो मीच माझ्या हाताने पुसलेत.

निवड जलद करा, जरूर करा. मुलांना फोटो वेळेवर मिळायलाच हवेत. फक्त निवड आणि पुसणं ही दोन वेगळी कामं ठेवा. आज हा फोटो कोणाला दाखवायचा हे मी आज ठरवू शकतो. वीस वर्षांनी कोण काय शोधत येईल ते मला आज कळत नाही.

पातोळी

काका, अंगावर आलं वाचून. माझ्याकडेही असं झालंय. लग्नातला एक जेवणावळीचा, आउट ऑफ फोकस फोटो, त्यात पानावर बसलेले मुलीचे वडील. पुढच्याच वर्षी ते गेले. त्यांचा हसतानाचा तेवढाच होता. माझ्या सुदैवाने तो सोबतच्या मुलाच्या कार्डात राहिला होता.

पण काका, सगळं ठेवायचं म्हटलं तर एका मोसमाचे तीन-चार टीबी होतात. तेही दोन ठिकाणी ठेवायचे. मला ते परवडत नाही.

काजूबोंड

मधला रस्ता आहे, मी स्वतः तोच धरतो. बाद फोटोंची रॉ पुसायची, चित्र ठेवायचं. बाद झालेल्या सगळ्यांची लांब बाजू २००० पिक्सेल अशी छोटी जेपेग काढायची. एक फाइल साधारण अर्ध्या एमबीची. रानमोगरांचे दोन हजार बाद फोटो म्हणजे एकूण १ जीबी. रॉ ठेवल्या तर ५६ जीबी. कॅमेऱ्याच्या आतलीच जेपेग चालणार असेल तर एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने ती सरळ बाहेर काढता येते, काही तयार करावं लागत नाही, पण ती आकाराने मोठी असू शकते. छोट्या जेपेगमधून भिंतीवर लावायचा मोठा प्रिंट होणार नाही. पोस्टकार्डाएवढा छान होतो. आजोबांचा तो फोटो नातवाला मिळाला असता.

घाई मात्र यातही नको. मी बाद रॉ तीन महिने तशाच ठेवतो. पार्टीने फोटो बघून झाले, कोणाचं काही राहिलं नाही असं कळलं, की मग.

खंड्या

पक्ष्यांच्या बाबतीत मी पुसतो, बिनदिक्कत. एकाच खंड्याचे एका सकाळचे तीनशे फोटो कोणाला लागणार नाहीत. पण घुमटकाकांचं वाचून एक ठरवलं. ज्या फ्रेममध्ये तळं, काठ, शेत असं आजूबाजूचं दिसतंय ती पुसायची नाही. करमळीच्या तळ्याचा काठ दहा वर्षांपूर्वी कसा होता हे बघायला माझ्याकडे एकही रुंद फोटो नाही. सगळीकडे नुसती चोच आणि पिसं.

मांडवीकाठ

घुमटकाका, नमस्कार करतो तुम्हाला. आमच्या धंद्यात रोज उद्याच्या अंकाचा विचार, हे कानावर पडायला हवं होतं.

ताई, एक छोटी गोष्ट. कार्ड फॉरमॅट करायच्या आधी फोटो दोन वेगळ्या डिस्कवर आहेत ना ते उघडून बघा. नुसते आकडे जुळलेत यावर जाऊ नका. पावसाळ्यात तर कॉपी चालू असताना वीज गेली तर डिस्कवरची फाइल अर्धवट राहते आणि यादीत नाव मात्र दिसतं. एकदा माझ्या चाळीस फाइली तशा गेल्या. कॉपी करताना लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या, आणि बाहेरची डिस्क विजेवर चालणारी असेल तर तिला यूपीएस.

रानमोगरा

घुमटकाका, तुमचं लिहिणं मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, तुझ्या आजोबांचा भजनातला फोटो कोणाकडे आहे का विचार.

पुढच्या वेळी हे सगळं करून बघते आणि इथेच येऊन सांगते.

रानमोगरा (चार महिन्यांनी)

सांगितल्याप्रमाणे आले. काल माशेलला चिखलकाल्याला गेले होते. देवकीकृष्णाच्या देवळासमोरचं मैदान, वरून पाऊस, अंगाला तेल लावून चिखलात लोळणारी माणसं. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधून ११२० फ्रेम काढल्या.

घरी आल्यावर कार्ड रीडरने दोन डिस्कवर उतरवले, उघडून बघितले आणि झोपले. रात्री निवड केली नाही. शिगम्याच्या वेळी माझ्या लक्षात आलं होतं की शूटच्या रात्री मला मेहनत आठवत असते. जो फोटो काढायला गर्दीत शिरून धक्के खाल्ले तो मला चांगलाच वाटतो. सकाळी ते धक्के आठवत नाहीत, फोटोच दिसतो.

सकाळी सातला बसले. आतली जेपेग, ऑटो ॲडव्हान्स, पी आणि एक्स. मोठं करून बघायचं नाही ही अट पाळणं सगळ्यात जड गेलं, बोट सारखं झूमकडे जायचं. मधल्या दीडशे फ्रेममध्ये भिंगावर पाण्याचा थेंब बसलेला होता, एकाच जागी. त्या सरसकट निवडून एकदम बाजूला काढल्या. पहिली फेरी ३८ मिनिटांत संपली. उरले २२६. चहा. मग सारखे एकत्र मांडून दुसरी फेरी, पाऊण तास, उरले ६४. चिखलाने माखलेले चेहरे एकमेकांपासून वेगळे ओळखू येत नाहीत, तिथे हातापायांच्या ठेवणीवरून निवड करावी लागली. हे मला आधी सुचलं नव्हतं. एका पोराने उडी मारलीय तो फोटो फोकसच्या हिशेबाने बाद होता, तरी ठेवला.

६४ पैकी १२ दुपारपर्यंत एडिट करून पाठवले. ज्यांचे होते त्यांनी संध्याकाळच्या आत स्टेटसला लावले. बाकीचे उद्या देते.

बाद झालेल्या सगळ्यांच्या छोट्या जेपेग काढून वेगळ्या फोल्डरात ठेवल्यात, गाव, तिथी आणि वर्ष घालून. ५०० एमबीसुद्धा झाल्या नाहीत. रॉ दिवाळीपर्यंत ठेवणार.

घुमट

छान केलंस बाय. देवळात भजनाला बसलेल्यांचे काढलेस का? पेटीवर एक पांढऱ्या टोपीतले गृहस्थ असतात, माझ्या बरोबरीचे. बरेच दिवस भेट नाही.

रानमोगरा

आहेत काका. आत उजेड कमी होता, नऊ काढले, नऊही हललेले. निवडीत एकही आला नव्हता. छोट्या फोल्डरातून पाठवते आत्ता.